शिस्तीचं कौतुक पुरे आता

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

सकाळी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. सायकल स्टँड काढून तिथे दोन चारचाकींची जागा करायची, हा विषय. मी विरोध केला. जूनमध्ये भाचीकडे डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला राहून आले होते, तिथलं चार वाक्यांत सांगायला लागले, तर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आपण काय कोपनहेगनमध्ये राहतो का? त्या लोकांना शिस्त आहे हो." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

शिस्त! युरोपात आठवडाभर फिरून आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. त्यांना शिस्त आहे, आपल्या लोकांना नाही, चला, जेवायला बसू. काही करायलाच नको.

माझी भाची कोथरूडमध्ये वाढलेली. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी गाडी काढायची. शाळेत असताना सायकल होती तिच्याकडे, पण एकदा टेम्पोने असा कट मारला की ताईने दुसऱ्याच दिवशी ती विकून टाकली. आता ती कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात राहते. घरात कार नाही, घ्यायचा विचारही नाही. पुढे लाकडी पेटी असलेल्या तीनचाकी सायकलवरून रोज सकाळी लेकाला पाळणाघरात सोडते आणि तशीच पुढे ऑफिसला जाते. एकदा मीही तिच्या मागून निघाले, तिच्या नवऱ्याच्या सायकलवर. पाऊस लागलेला. हँडलला ब्रेक एकच, दुसरा ब्रेक म्हणजे पॅडल उलटं मारायचं. ते कळेपर्यंत पहिली दहा मिनिटं माझा जीव मुठीत होता. पुढे पेटीवर ताडपत्रीचं छत, त्याला प्लास्टिकची खिडकी, आणि आत बसून आमचा नातू त्या खिडकीवर चमचा आपटत होता. सिग्नलला पाय टेकवायला कठडा आहे. त्यावर पाय ठेवून भाची मागे वळून म्हणाली, "मावशी, बरी आहेस ना?"

तीच मुलगी. तोच स्वभाव, तोच सकाळचा आळस, तीच उशिरा उठायची सवय. मग बदललं काय? रस्ता बदलला!

तिथे सायकलचा रस्ता म्हणजे डांबरावर मारलेला पांढरा पट्टा नव्हे. फुटपाथ, त्याच्यापेक्षा एक पायरी खाली सायकल, आणि आणखी एक पायरी खाली गाड्या. मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी असंच. गाडीला मध्ये घुसायचं तर चाक कठड्यावर आपटतं. नॉरेब्रोच्या मुख्य रस्त्यावर सकाळी शहराकडे जाताना ताशी 20 किलोमीटरने सायकल हाणली की एकामागून एक हिरवे सिग्नल मिळत जातात, कारण सिग्नल सायकलवाल्यांच्या वेगाला लावलेत. बर्फ पडला की सायकलचे मुख्य रस्ते आधी साफ होतात. एस-ट्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, 2010 पासून सायकल फुकट नेता येते. गाडीच्या किमतीच्या वरच्या टप्प्यावर नोंदणी कर 150 टक्के आहे. यातलं काय शिस्तीने आलं, सांगा मला. एकेक गोष्ट कुणीतरी सभागृहात मांडली, भांडून मंजूर करून घेतली आणि तिच्यासाठी पैसे काढले.

त्या सकाळी स्टॉपवर बस थांबली. तिथे माणसं बसमधून थेट सायकलच्या रस्त्यावर उतरतात. भाचीने हात वर केला, म्हणजे मी थांबतेय. मागचा माणूस थांबला, त्याच्या मागचे पंधरावीस जण थांबले. कुणी घंटा बडवली नाही. चमचा तेवढा चालू होता. याला शिस्त म्हणायचं तर म्हणा, पण ती रोज त्या रस्त्यावरून जाऊन अंगात मुरलेली आहे. आधी रस्ता, मग शिस्त. आपण चाळीस वर्षं उलटं म्हणत बसलोय.

हो, शहर सपाट आहे. लोक कमी, पैसा जास्त. मान्य. हवा थंड आहे म्हणून जमतं, असंही कुणी म्हणेल. भाचीच्या हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं, तिला काय मजा वाटत होती का?

आणि हे लोकही काही आभाळातून पडलेले नाहीत. युद्धानंतर त्यांच्याकडेही गाड्या वाढल्या, सायकली कमी होत गेल्या, चौकांची पार्किंगं झाली. 1962 मध्ये स्ट्रॉयेट हा बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद करायचा ठरला तेव्हा दुकानदार चिडले होते. गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक कुठून येणार? आणि आपण डॅनिश माणसं, इटालियन थोडेच आहोत रस्त्यावर भटकायला, असंही म्हणाले. वाचताय ना? "आपण काय इटलीत राहतो का" हे कोपनहेगनवाल्यांनी म्हणून झालंय! मग 1973 ची तेलटंचाई आली, रविवारी गाड्यांना बंदी झाली. पुढे हजारो माणसं सायकली घेऊन टाऊन हॉलसमोर जमली, सायकलचे रस्ते द्या म्हणून. मागितलं तेव्हा मिळालं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. बंदराचंही सांगते. शहराच्या मधोमध जे बंदर आहे, त्यात पूर्वी जोराचा पाऊस झाला की सांडपाणी थेट जायचं. कुणी उतरायचं नाही. त्यांनी गटारं सुधारली, जास्तीचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आणि 2002 मध्ये इस्लँड्स ब्रुग्गे या काठावरच्या भागात पोहायची जागा उघडली. शनिवारी भाची तिथे पोहत होती, मी काठावर पाय सोडून बसले होते. पाण्यात माझी बोटं दिसत होती. हीच मुलगी लहानपणी मुठेवरच्या पुलावर नाक दाबून श्वास कोंडायची. मला रडूच आलं.

रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पावसातल्या सायकलवरून ती भाचीवर भडकली. "एवढ्याशा पोराला घेऊन? वेड लागलंय का तुला?" भाची म्हणाली, "आई, इथे मला भीती वाटत नाही." ताई गप्पच झाली. टेम्पोची आठवण आम्हा तिघींनाही होती.

2025 पर्यंत शहर कार्बन न्यूट्रल, म्हणजे हवेत निव्वळ कार्बन न सोडणारं, होणार असं कोपनहेगनवाले म्हणाले होते आणि 2022 मध्येच हात वर केले, हेही लिहून टाकते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये आणेलच. कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचा कार्बन पकडायला निधी मिळाला नाही. डुकराचं मांस भरपूर खातात, विमानाने भरपूर फिरतात. असू दे. माझी भाची बाळाला घेऊन न घाबरता रस्त्यावर जाते, मला तेवढं पुरतं.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या उन्हाळ्यात जाणार असाल तर जलपरीचा पुतळा आणि न्यूहाव्नची रंगीत घरं बघाच, पण एका सकाळी आठ वाजता राणी लुईसच्या पुलावर जाऊन उभे राहा. दिवसाला 40 हजारांवर सायकली जातात तिथून. सूट घातलेले, शाळेची पोरं, आजीआजोबा, पेटीत कुत्रं बसवलेले. जमलं तर सायकल भाड्याने घेऊन तुम्हीही त्यात शिरा. उजवीकडून चालवा, थांबताना हात वर करा, आणि फोटो काढायला सायकलच्या रस्त्यावर उभे राहू नका, चांगलेच ओरडतात.