सिझेरियनचं बाळ म्हणे कायमचं नाजूक

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: सिझेरियनच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती मिळत नाही, चांगले जंतू मिळत नाहीत, म्हणून योनीतला स्राव त्याच्या अंगाला पुसावा, पुढे ऑटिझमचीही भीती, नॉर्मल डिलिव्हरी बाळासाठी केव्हाही सुरक्षितच.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा साफ चुकीचा. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं (संसर्गाशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळाकडे जातात, तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे ती जन्माआधीच पोचलेली असतात. बाळ फार लवकर जन्मलं तर कमी पडतात, मग ते कसंही जन्मलेलं असो.

जंतूंबद्दल अर्धं खरं आहे. 2019 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सिझेरियनच्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स हे जंतू कमी दिसले. पण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत दोन्ही गटांतला एकूण फरक बराचसा ओसरला होता. शिवाय हे जंतू आईच्या आतड्यातले, योनीतले नव्हेत. मग स्राव पुसून काय साधणार? उलट हर्पिससारखा संसर्ग बाळाला होऊ शकतो. हा उपाय घरी करूच नये.

ऑटिझम: स्वीडनमधल्या सुमारे 27 लाख जन्मांच्या नोंदींत आधी थोडा संबंध दिसला. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो उरला नाही (2015).

‘नॉर्मल केव्हाही सुरक्षित’? पायाळू बाळांच्या 2000 सालच्या मोठ्या चाचणीत मृत्यू किंवा गंभीर इजेचं प्रमाण नियोजित सिझेरियनमध्ये 1.6 टक्के होतं, योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्यांत 5 टक्के. दोन वर्षांनंतरच्या पाहणीत मात्र मृत्यू किंवा विकासातल्या विलंबात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

गंमत म्हणजे जो धोका खरा, त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. पोटात बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की संप्रेरकं वाढतात आणि ते शोषलं जाऊ लागतं. कळांआधीच सिझेरियन झालं तर पाणी मागे राहून बाळाला धाप लागू शकते. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात, काहींना एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागतं. डेन्मार्कच्या 2008 मधल्या अभ्यासात नियोजित सिझेरियननंतर श्वसनाच्या त्रासाची शक्यता, योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्यांच्या तुलनेत, 37व्या आठवड्यात जवळपास चौपट, 39व्यात सुमारे दुप्पट आढळली. आईचा रक्तदाब चढला किंवा बाळाचे ठोके मंदावले तर थांबणंच घातक. निव्वळ सोयीची तारीख असेल, तर 39 आठवडे पूर्ण होतायत का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.