जामीन मिळाला म्हणजे खासदारकी परत आली, असं नाही

"खासदार 30 दिवस कोठडीत राहिला की खासदारकी आपोआप रद्द. शिक्षा झाली तरी अपिलात जामीन मिळाला की परत बहाल. पक्षाने हाकललं किंवा तिसरं मूल झालं तरी खुर्ची जाते. नागपूरकरांनो, थेट राष्ट्रपतींना अर्ज करा!" हा मजकूर नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतोय. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे, बाकी सगळं चूक. चुकीच्या दारात टाकलेल्या अर्जाने खरी तक्रारसुद्धा वाया जाते, म्हणून हे नीट सांगणं गरजेचं आहे.

आधी कोठडी. गुन्हा दाखल होणं, अटक, आरोपपत्र, तुरुंगात असणं, यापैकी कशानेही खासदारकी जात नाही. 2024 मध्ये अमृतपाल सिंग आणि इंजिनिअर रशीद हे दोघे तुरुंगातून लोकसभेवर निवडून आले. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा कैद्याला, मतदान करता येत नाही, निवडणूक मात्र लढवता येते. 30 दिवसांचा आकडा आला 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडलेल्या 130 व्या घटनादुरुस्ती विधेयकातून. ते संयुक्त समितीकडे गेलं. मुळात ते पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या पदाबद्दल आहे. त्यात मंत्रिपद जाण्याची तरतूद आहे, सदस्यत्व जाण्याची नाही.

आता शिक्षा आणि जामीन. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 8 मध्ये तीन पायऱ्या आहेत. लाचखोरी, समाजात तेढ पसरवणं, बलात्कार, अमली पदार्थ अशा ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलं की नुसता दंड झाला तरी अपात्रता येते. साठेबाजी, अन्न-औषधांतली भेसळ आणि हुंड्याच्या गुन्ह्यात किमान सहा महिन्यांची शिक्षा लागते. बाकी कुठल्याही गुन्ह्यात किमान दोन वर्षांची. इथे 'दोन वर्षांपेक्षा जास्त' असं अनेक जण लिहितात, तेही चूक आहे. पूर्ण दोन वर्षं पुरतात. एक दिवस कमी असेल तर पुरत नाहीत. अपात्रता शिक्षेच्या काळात असतेच आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते.

पूर्वी याच कलमात पोटकलम 4 होतं. विद्यमान सदस्याने तीन महिन्यांत अपील केलं की निकाल लागेपर्यंत त्याची जागा शाबूत राहायची. 'अपील केलं की वाचते' ही समजूत तिथून आली आहे. 10 जुलै 2013 रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम रद्द केलं. तेव्हापासून दोषी ठरल्याच्या दिवशीच जागा जाते. सचिवालयाची अधिसूचना फक्त त्याची नोंद करते.

मग परत कशाने येते? दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्याच्या निर्णयालाच, स्थगिती मिळाली तर. शिक्षेला स्थगिती ही वेगळी गोष्ट आहे. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगात जावं लागत नाही, पण 'दोषी' हा शिक्का कायम. राहुल गांधींचंच पाहा. 23 मार्च 2023 रोजी सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी ती स्थगित करून जामीनही दिला. तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेल्याची अधिसूचना निघाली. 4 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली, 7 ऑगस्टला सदस्यत्व परत मिळालं.

नागपूरकरांना याहून जवळचं उदाहरण आहे, फक्त ते आमदारकीचं. डिसेंबर 2023 मध्ये जिल्हा बँक प्रकरणात नागपूरच्या न्यायालयाने सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांची आमदारकी गेली. पुढच्या महिन्यात नागपूर खंडपीठाने जामीन दिला. दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही, म्हणून 2024 ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही. 'शिक्षेला स्थगिती' असा मथळा दिसला की बातमीत 'दोषसिद्धी' हा शब्द शोधा. नसेल तर जागा परत आलेली नाही.

पक्षाने हाकललं तर खासदारकी जात नाही. स्वतःहून पक्ष सोडला, किंवा व्हीप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडून मतदान केलं अथवा गैरहजर राहिला आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, जाते. तिसऱ्या अपत्याचा नियम राज्यातल्या ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या सदस्यांसाठी आहे. खासदाराला तो लागू नाही.

राहिला अर्ज. लाभाचं पद (सरकारकडून आर्थिक फायदा मिळणारं पद), नादारी (दिवाळखोरी), नागरिकत्व गेलं, अशी निवडून आल्यानंतर उद्भवलेली कारणं असतील तर राष्ट्रपतींकडे जावं. राष्ट्रपती निवडणूक आयोगाचं मत घेतात आणि त्यानुसारच निर्णय देतात. पक्षांतराची याचिका लोकसभा अध्यक्षांकडे जाते, राज्यसभेच्या सदस्याची सभापतींकडे. सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्तीही ती करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. पण याचिकेवर आणि प्रत्येक जोडपत्रावर सही आणि दिवाणी दाव्यासारखं सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लेखी कथन) हवं. ते नसेल तर याचिका सुनावणीआधीच फेटाळली जाते.

निवडून येतानाच माणूस अपात्र होता, असं म्हणणं असेल तर राष्ट्रपती भवनाचा काही उपयोग नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते; नागपूर आणि रामटेक मतदारसंघांसाठी इथल्याच खंडपीठात. ती त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार करू शकतो. अनामत 2,000 रुपये, मुदत निकालापासून 45 दिवस. 4 जून 2024 च्या निकालासाठी ती 19 जुलैला संपली, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही.

निवडणूक खर्चाचा हिशेब मात्र अर्ज करणाऱ्यांपैकी फारसं कोणी पाहत नाही. उमेदवाराने तो निकालापासून 30 दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. तो दिला नाही किंवा नियमाप्रमाणे दिला नाही आणि सबळ कारणही नसेल, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ही कागदपत्रं नागरिकाला नाममात्र शुल्क भरून सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयात पाहता येतात. दिल्लीला अर्ज धाडण्याआधी ती फाईल मागून पाहा.