‘लाखो बोगस मतदार’ आणि माझ्या ताईचं सर्टिफिकेट

परवा रात्री नाशिकहून आईचा फोन आला. ‘अगं, तुमच्याकडे कुणीही उठतं आणि मत देऊन येतं म्हणे? लाखो घुसखोर?’ घरच्या ग्रुपवर दादाने टाकलेला फॉरवर्ड तिने दोनदा वाचला होता. इथे न्यू जर्सीत मराठी मंडळींच्या ग्रुपवरही तो आदल्या दिवशी येऊन गेला होता, खाली पंधरा-वीस अंगठे. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत ओळखपत्र न बघता मतदान होतं, म्हणून लाखो परदेशी आणि मेलेली माणसं मतं टाकतात. भारतात सगळ्यांकडे मतदार कार्ड आहे, मग अमेरिकेला काय अडचण? नागरिकत्वाचा पुरावा मागणारं रिपब्लिकन पक्षाचं ‘सेव्ह’ विधेयक हा साधा उपाय आहे, विरोध करणाऱ्यांना बोगस मतंच हवीत. आणि बोलण्याचं स्वातंत्र्य जपणारा पक्षही तोच.

आईला फोनवर जमेल तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

‘लाखो परदेशी’ हा आकडा आला कुठून, ते फॉरवर्डमध्ये नाही. पण नागरिकत्वाचा कागद सक्तीचा करून एका राज्याने पाहिलंय, त्याचं काय झालं ते कोर्टाच्या कागदावर आहे. कॅन्ससमध्ये २०१३ पासून मतदार नोंदणीला जन्मदाखला, पासपोर्ट असं काहीतरी जोडणं भाग होतं. राज्याच्या निवडणुका पाहणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट क्रिस कोबाक म्हणत होते की परदेशी मतदारांची सापडलेली प्रकरणं हिमनगाचं टोक आहेत. २०१८ मध्ये खटला चालला, त्यांनी स्वतः बाजू मांडली, तज्ज्ञ उभे केले, हवा तेवढा पुरावा आणायची संधी त्यांना मिळाली. १८ जून २०१८ ला न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी निकाल दिला. १९ वर्षांत यादीत शिरलेले परदेशी फार तर ३९. राज्यात मतदार १७ लाखांच्या वर. आणि त्या ३९ जणांना अडवायला केलेल्या कायद्याने नोंदणी अडकली किंवा रद्द झाली ३१,०८९ जणांची, म्हणजे शंभर अर्जांमागे बारा. त्यातले बहुतांश नागरिकच होते. हिमनग नाहीच, बर्फाचा एक लहान सुळका आहे आणि तोही मुख्यतः गोंधळ नि कारकुनी चुकांचा, असं निकालात म्हटलंय. रॉबिन्सन यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी केलेली, म्हणजे डाव्यांचं कोर्ट म्हणून हा निकाल झटकून टाकायचीही सोय नाही. २०२० मध्ये अपिलातही तो टिकला.

ज्याने ग्रीन कार्डाची रांग पाहिली आहे त्याला हे कळायला कोर्टही लागू नये. १९९६ च्या कायद्याने, नागरिक नसताना केंद्रीय निवडणुकीत मत दिलं तर तुरुंग होऊ शकतो आणि देशाबाहेरही काढू शकतात. मी एच-वन-बीवर असताना लायसन्सच्या खिडकीवरच्या बाईने सवयीने विचारलं होतं, मतदार नोंदणी करायची का? मी दोनदा ‘नाही’ म्हटलं आणि फॉर्मवर चुकून खूण झाली नाही ना, ते गाडीत बसून परत तपासलं. एका मतासाठी कुणी घरदार पणाला लावत नाही.

मेलेल्यांची मतं: २०२० मध्ये जॉर्जियात अशी हजारो मतं पडल्याचा आरोप झाला. तपासात सापडली चार. तिथला निवडणूक प्रमुख रिपब्लिकन होता. पुढे.

आता ‘साधा उपाय’. माझी एक मावसबहीण आहे, आम्ही तिला ताई म्हणतो. ती १९९२ मध्ये, लग्नाआधी, अमेरिकेची नागरिक झाली. त्या सर्टिफिकेटवर तिचं नाव, मधे तिच्या बाबांचं नाव, मग माहेरचं आडनाव. १९९५ मध्ये साताऱ्यात लग्न झालं. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव सासरपुरतंच राहिलं, पण कागदोपत्री मधलं नाव नवऱ्याचं झालं आणि आडनाव बदललं. लग्नाचा दाखला साताऱ्याचा, मराठीत. त्याच्या इंग्रजी प्रतीत आडनावात एक ‘ए’ जास्तीचा पडलाय. लायसन्स नव्या नावाचं. पासपोर्टची मुदत संपून गेली, कारण मावशी गेल्यानंतर तिचं भारतात येणं थांबलं. बायकांचं मधलं नावसुद्धा लग्नात बदलणारे आपण लोक, आपल्याला तरी हे समजावून सांगावं लागू नये.

ताई आता लेकाजवळ टेक्सासला राहायला चाललीय. राज्य बदललं की नोंदणी नव्याने. १० एप्रिल २०२५ ला प्रतिनिधीगृहाने २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केलेलं हे ‘सेव्ह’ विधेयक म्हणतं की टपालाने अर्ज केला तरी नागरिकत्वाचा पुरावा स्वतः नेऊन दाखवा. सर्टिफिकेटवर एक नाव, लायसन्सवर दुसरं. नावं जुळत नसतील तर राज्यांनी काहीतरी सोय करावी असंही त्यात आहे. ती सोय काय, ते त्या-त्या राज्यावर आणि खिडकीतल्या माणसावर. ते सर्टिफिकेट नव्याने काढायचं तर ५०० डॉलरच्या वर फी. नवा पासपोर्ट १६५ डॉलर.

आपल्याकडे भारतात जायचं म्हणून घरटी पासपोर्ट असतात. इथे जन्मलेल्या गरीब माणसांना पासपोर्ट कशाला लागतो? मतदानाच्या हक्कांवर काम करणाऱ्या ब्रेनन सेंटर या संस्थेच्या पाहणीनुसार २ कोटी १३ लाख नागरिकांच्या हाताशी असा पुरावा नाही. ते घुसखोर नाहीत. त्यांना कधी कुणी तो मागितलाच नव्हता.

भारताचं उदाहरण. मतदानाला ओळखपत्र मागणं मुळात चूक नाही, हे मला मान्य करावं लागेल. इथे निम्म्याहून जास्त राज्यांत ते मागतातच आणि सुप्रीम कोर्टानेही २००८ मध्ये इंडियानाचा तसा कायदा उचलून धरला. पण शेषन यांच्या काळात आपल्याकडे फोटोचं कार्ड आलं ते सरकारने फुकट दिलं. आजही बीएलओ म्हणून अंगणवाडीच्या बाई किंवा झेडपीचे गुरुजी दारात येतात. कार्ड नसेल तर बँकेचं फोटो असलेलं पासबुक चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं. टेक्सासने २०११ मध्ये कायदा केला तेव्हा पिस्तुलाचा परवाना चालत होता आणि सरकारी विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. दोन्हीला एकच नाव कसं द्यायचं?

मार्च २०२५ च्या निवडणुकांविषयीच्या आदेशात ट्रम्प यांनीही भारताचा दाखला दिलाय, की तिथे मतदार ओळख बायोमेट्रिक नोंदींशी, म्हणजे आधारशी, जोडतात. पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. आणि आपल्या नमुना ६ मध्ये नागरिकत्वासाठी असतं ते आपलं स्वतःचं प्रतिज्ञापन, अमेरिकेच्या फॉर्मवर असतं तसंच. २०२५ मध्ये बिहारात त्याऐवजी कागद मागायला लागले, तेव्हा ओळखीपुरतं आधार तरी धरा हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं.

बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दल थोडंच. इथल्या विद्यापीठांत उजव्या वक्त्यांना आरडाओरडा करून बोलू दिलं नाही असं झालंय, आणि ते वाईटच होतं. पण आरडाओरडा करणारी मुलं आणि अटक करणारं सरकार यांत फरक आहे. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला साध्या कपड्यातल्या, तोंड झाकलेल्या माणसांनी रस्त्यावरून उचललं. तिने विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात गाझाबद्दल एक लेख तिघांबरोबर लिहिला होता. सहा आठवडे ती कोठडीत होती. त्याच जूनमध्ये फर्मान निघालं की विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवा.

दादा, त्या आठवड्यात तुझ्याच मुलाने मला रात्री दीडला फोन केला होता. आपल्या इन्स्टाग्रामवरच्या चार वर्षांपूर्वीच्या पोस्ट तो मला एकेक वाचून दाखवत होता. आत्या, ही ठेवू की काढू? त्यात एक शेतकरी आंदोलनाची कविता होती, त्याने स्वतः केलेली. ती त्याने काढली.

आणि त्या ग्रुपवर ताईही आहे. तुझा फॉरवर्ड तिने वाचला, खाली काही लिहिलं नाही. मला मात्र तिने सर्टिफिकेटचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘हे चालेल ना गं?’ तो मजकूर काढून टाक आणि तिला फोन कर.