‘म्हणून’कडे अजिबात बघू नका

‘पुढील युक्तिवादातला कच्चा दुवा ओळखा’ असा प्रश्न आला की घाबरायचं काहीही कारण नाही. वाद घालण्यात तुमचं अर्धं आयुष्य गेलंय. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने उतारा वाचत बसावं, हे शोभत नाही. शिवाय वेळ कुठे असतो? अमेरिकेत कायद्याच्या शिक्षणासाठी जी एलसॅट परीक्षा देतात, तिच्या एका भागात ३५ मिनिटांत असे साधारण २५ प्रश्न असतात. दीड मिनिटसुद्धा येत नाही वाट्याला. मत मात्र तुमच्याकडे आधीपासून तयार असतं. तेच वापरा.

समजा, उतारा असा आहे : ‘एका कार्यालयाने मागेल त्याला नवी खुर्ची दिली. वर्षअखेरीस पाहिलं, तर नवी खुर्ची घेतलेल्यांमध्ये पाठदुखी इतरांपेक्षा जास्त निघाली. म्हणून, नव्या खुर्च्यांमुळे पाठ दुखते.’

वाचल्याबरोबर स्वतःची पाठ आठवा. मग पाहणीवर तुटून पडा. कोणी केली? किती जणांची? पैसे कोणी दिले? दिलेली माहिती खरी धरायची आणि तिथून निष्कर्षावर उडी कशी मारली एवढंच बघायचं, असं प्रश्नकर्त्याचं म्हणणं असतं. असू दे. ‘म्हणून’ हा शब्द तर झपाझप ओलांडा. त्याच्या अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे आणि मधलं काय गाळलंय, असल्या चौकशा करणारे लोक उगाच उत्तरापर्यंत पोहोचतात.

आणि ‘मागेल त्याला’ या दोन शब्दांपाशी चुकूनही थांबू नका. ज्याची पाठ आधीच कळवळते आहे तोच बहुधा उठून खुर्ची मागायला जातो, हे एकदा ध्यानात आलं की कारण आणि परिणाम जागा बदलतात आणि प्रश्न वीस सेकंदांत सुटतो. मग उरलेला वेळ काढायचा कसा? ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ हे आपण दिवसातून दोनदा म्हणतोच, पण ते दुसऱ्याच्या बोलण्याला. परीक्षेत कावळ्याला दोषी धरा. इथे तर फांदी आधी मोडली होती आणि कावळा नंतर आला, पण इतकं बारीक कोण बघतं!

आता पर्याय. ‘नव्या खुर्च्या फार महाग होत्या.’ हे पटतं, खर्च तर झालाच असणार. ‘व्यवस्थापनाला कर्मचाऱ्यांची पर्वा नव्हती.’ हे तर मनातलं बोलले! ‘खुर्ची मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आधीपासून पाठदुखी होती.’ हे किती रटाळ. यात ना आवेश, ना कोणाची खरडपट्टी. सोडून द्या. वर ‘पुढील विधान खरे मानल्यास’ असं लिहिलेलं असलं, तरी प्रत्येक पर्यायाला ‘हे कशावरून?’ असं दरडावून विचारा.

एकटं पडायची भीती वाटत असेल, तर इंग्लंडमधल्या पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलेलं कोडं आठवा. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, एक सम संख्या आणि एक विषम. नियम असा : एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्याच हवी. तो पाळला गेलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? बरेच लोक स्वर आणि सम संख्या उलटतात. सम संख्येमागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही; तो मोडू शकतो विषम संख्येमागे लपलेल्या स्वराने. पण जिथे आपलं म्हणणं मोडेल तिथे मुद्दाम हात घालायचा, हे कुठल्या शहाण्याचं काम?

गौतमाच्या न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने, पाच हेत्वाभास, म्हणजे वरवर खरी वाटणारी फसवी कारणं, मोजून ठेवलेत. त्यातला ‘साध्यसम’ निकालाच्या दिवसासाठी राखून ठेवा. यात जे सिद्ध करायचं त्याच्याइतकंच कारणही असिद्ध असतं. उत्तरतालिका हातात आली की ठणकावून सांगायचं : ही तालिका चुकलेली आहे, कारण माझं उत्तर बरोबर आहे, आणि माझं उत्तर बरोबरच असणार, कारण तालिका चुकलेली आहे.

मी सांगतोय ते अनुभवाने. ती पाहणी कोणी केली होती, हे मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.