क्लिक ऐकू येतोय का, एवढं तरी बघा!

परत तेच. बटण दाबलं, बीप वाजली, इंडिकेटर लुकलुकले आणि गाडीची मोटरवर उघडणारी डिकी ढिम्म. बाहेर धो धो पाऊस, बाबा डायलिसिसहून गळून आलेले, आणि त्यांची व्हीलचेअर त्या बंद डिकीत. रिमोट दाबून झाला, आतलं बटण दाबून झालं, वॉचमनकाकांनी वरून दाब देऊन बघितला. शेवटी मागची सीट पाडली आणि खुर्ची आतून ओढून काढली. फुटरेस्ट अडकून सीटकव्हर टराटरा फाटलं. एवढ्या महागड्या झाकणाला किल्लीचं एक भोक ठेवायला काय होतं यांना? आतून उघडायची सोय आहे म्हणे. डिकीच्या पॅनेलवरचं छोटं झाकण काढायचं, स्क्रूड्रायव्हर घालायचा, खटका सरकवायचा. म्हणजे सामानावरून सरपटत तिथवर पोचायचं. माझ्या आईने हे कसं करायचं?

पण खरा संताप आहे तो सर्व्हिस सेंटरवर. गाडी देतानाच मी सांगितलं होतं, जॉबकार्डवर लिहून घ्यायला लावलं होतं: डिकीचं कुलूप सुटल्याचा क्लिक येत नाही, रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र मधूनच जातं, नंबर प्लेटचा दिवा कधी लागतो, कधी नाही. संध्याकाळी ॲडव्हायझर टॅब घेऊन आला. "सर, स्कॅनिंगला एरर कोड आला नाही. लॅच असेंब्ली टाकून बघू. नाही झालं तर दोन्ही स्पिंडल, मग मॉड्यूल." म्हणजे आधी डिकीचं कुलूप, मग झाकण उचलणारे मोटरचे दांडे, मग हे सगळं चालवणारा कंट्रोल बॉक्स.

टाकून बघू! माझ्या पैशाने टाकून बघू! आणि कॅमेरा? त्याचं वेगळं एस्टिमेट. दिव्याचं आणखी वेगळं. अरे, या तिन्हींच्या वायरी बिजागरीपाशी एकाच रबरी नळीतून डिकीत उतरतात! डिकी उघडली-मिटली की ती नळी दुमडते, वर्षानुवर्षं दुमडत राहते, आणि आतली तांब्याची तार एक दिवस तुटते. वरचं प्लॅस्टिक कधी कधी शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून भागत नाही, एकेक वायर हलकेच ओढून बघावी लागते. तीन तक्रारी एकाच जागेकडे बोट दाखवतायत आणि हा माणूस मला तीन बिलं दाखवतोय.

मी विचारलं, बॅटरीचा व्होल्टेज बघितला का? "गाडी स्टार्ट होते ना सर, मग बॅटरी ठीकच असणार." अहो, नाही! बंद गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. व्होल्टेज पडला की कित्येक गाड्या डिकीची मोटर चालूच देत नाहीत, इंजिन मात्र स्टार्ट होतं. बरं, फ्यूज? "कोड आला असता सर." रबर सरकवून बघितलं? "ते प्रोसिजरमध्ये नाही." मग आहे काय तुमच्या प्रोसिजरमध्ये? बटण दाबून कान लावायचा, ही पहिली पायरी. क्लिक येतो पण झाकण उचललं जात नाही, तर कुलूप सुटलंय, स्पिंडलकडे बघा. क्लिकच नाही, तर स्विच, वायर, फ्यूज, लॅच. रिमोटने उघडते आणि बाहेरच्या बटणाने उघडत नाही, तर बटणात पाणी गेलंय का ते आधी बघा. याला लॅपटॉप लागत नाही, डोकं लागतं. आणि वर तपासणीचे पैसे घेतले! काय तपासलंत? शिवाय दम दिला, बाहेर वायरिंगला हात लावलात तर वॉरंटी जाईल.

या गाड्यांचं सगळंच असं झालंय. एसी कमीजास्त करायला स्क्रीनमध्ये शिरा, रस्त्यावरून नजर काढा. स्टेपनी काढून टाकली आणि हातात पंक्चर किट दिलं. टायरची बाजू फाटली तर त्या किटचा शून्य उपयोग, हे विकताना कोणी बोलत नाही. साधा बल्ब बदलायचा तर बंपर उतरवायला सांगतात. आणि या सगळ्यानंतर फोन येतो, "सर, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या हं." कशाचे दहा?

शेवटी गाडी नेली आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनदादांकडे. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. कॅमेऱ्याचं आणि दिव्याचं ऐकलं तेव्हाच म्हणाले, "अर्थिंग गेलंय, नळीतच असणार." रबर सरकवलं, अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायची, काळी वायर दोन बोटांत धरून ओढली, तर तार तुटून प्लॅस्टिक नुसतं लांबत गेलं. मल्टिमीटर लावून बाकीच्या वायरी एकेक करून बघितल्या. लवचीक वायरचा तुकडा जोडला, सोल्डर केलं, स्लीव्ह चढवली, दुमडणाऱ्या जागेपासून जोड लांब घेतला. अर्ध्या तासात डिकी उघडली, कॅमेरा आला, दिवा लागला. लॅच ठणठणीत, स्पिंडल ठणठणीत, मॉड्यूल ठणठणीत!

तपासणीचे पैसे मी परत मागितलेत. तुटलेल्या वायरचा फोटो, जॉबकार्ड आणि ती तिन्ही एस्टिमेटं ईमेलला जोडलीत. अजून उत्तर नाही. ते येईपर्यंत मी रोज फोन करणार आहे, आणि ज्यांची डिकी आत्ता अडकलीय त्यांनी पार्ट बदलायला हो म्हणायच्या आधी ते रबर सरकवून घ्या, स्वतः समोर उभं राहून.