निधी वाटला, रॅम्प बांधला, तरी प्रश्न उरतोच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्या निधीवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तीही ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून काम केलेल्या माणसाच्या अनुभवातून. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही लोकांना अर्ज आणि तक्रारीच शिकवतो, त्यानं गावात वितुष्ट येतं. गावात दिव्यांग सात-आठ, सरपंच भला माणूस, दर मार्चमध्ये सगळ्यांना सारखे पैसे मिळतात. रॅम्पही बांधलाय, पण तो कुणी वापरत नाही.

सरपंच भला असेल तर कागद अधिकच लागतो. तोंडी मागणीवर ग्रामपंचायतीचा रुपया खर्ची पडत नाही. अर्ज, प्रमाणपत्राची प्रत, सभेचा ठराव आणि पावती फाइलला नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि उत्तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावं लागतं. म्हणून मनात असूनही ते हात आखडता घेतात आणि वर्ष संपताना सारखी रक्कम वाटून मोकळे होतात. यादी आणि सह्या, एवढ्यात काम भागतं.

सारखं वाटप मला अन्यायाचं वाटतं. समजा घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार लिलाव मिळून स्वउत्पन्न ६ लाख रुपये आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे ३०,००० आणि आठ जणांत प्रत्येकी ३,७५०. (वित्त आयोगाचा निधी या हिशेबात धरत नाहीत. गोंधळ बहुतेक इथेच होतो.) सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला त्याच्या मापाची व्हीलचेअर या पैशांत येत नाही. मोठ्या माणसाची खुर्ची दिली तर ते मूल एका बाजूला कलतं, पाठीचा कणा वाकतो, जखमा होतात. अंध विद्यार्थ्याची गरज वेगळी, ऐकू न येणाऱ्या आजींची वेगळी. म्हणून अर्जात ‘मदत मिळावी’ असं मोघम लिहू नये. वस्तू, तिचं माप, अंदाजे किंमत आणि यूडीआयडी क्रमांक (दिव्यांग ओळखपत्रावरचा) लिहावा. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. तो डिसेंबरपर्यंत पोचला तर पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करता येते. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाला फार तर उरलेल्या पैशांतला वाटा मिळतो.

‘सात-आठ’ हा आकडाही एकदा तपासून पाहा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता ही त्यांतलीच. गावच्या यादीत मात्र काठी किंवा कुबडी दिसते तेवढीच माणसं येतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावातल्या यादीत सिकलसेलचं एकही नाव नसेल, तर ती यादी घरोघरी फिरून केलेली नाही असंच मी समजेन.

आता वितुष्टाबद्दल. आम्ही सांगतो तो क्रम असा: आधी भेट, मग अर्ज, मग ग्रामसभेत विषय, त्यानंतर गटविकास अधिकारी. पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय अगदी शेवटी. माहितीचा अधिकार आम्ही भांडणासाठी वापरायला सांगत नाही, आकडा कळावा म्हणून सांगतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘निधीचं काय केलं?’ असं विचारलं तर उत्तरही तसंच गोलमोल येतं. अमुक आर्थिक वर्षात स्वउत्पन्न किती जमा झालं, दिव्यांगांवर कोणत्या बाबीखाली किती खर्च झाला आणि त्याच्या प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) प्रती, एवढंच मागावं. लाभार्थ्यांची वैद्यकीय कागदपत्रं मुळीच मागू नयेत. कुणाचा आजार गावभर होणं हीसुद्धा इजाच आहे.

रॅम्प कुणी वापरत नाही, याचं कारण बहुधा रॅम्पमध्येच सापडेल. उताराचं प्रमाण १:१२ हवं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, तिला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबी लागते. प्रत्यक्षात ठेकेदार पायऱ्यांवरच सिमेंट ओततो आणि दीड-दोन मीटरची घसरगुंडी तयार होते. व्हीलचेअर त्यावर चढताना मागे कलंडते आणि उतरताना आवरत नाही. वर गुळगुळीत फरशी बसवली असेल तर पावसाळ्यात कुबडीवाल्यालाही तिथं पाय ठेवणं धोक्याचं. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली दीड मीटर सपाट जागा, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, हे सगळं जुळलं तरच माणूस आत जातो. रॅम्प चढून गेल्यावर दारात उंबरठा आडवा आला तर वरचा सगळा खर्च वाया.

कार्यालयासमोर एवढी लांब जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत वळवता येतो, फक्त वळणावर सपाट टप्पा ठेवावा लागतो. जोत्याची उंची, समोरची मोकळी जागा आणि दाराची रुंदी, ही तीन मापं कळवलीत तर तुमच्या कार्यालयाला कोणती आखणी बसेल ते इथेच लिहितो.