वेल्डिंग शिकायचं तर पाइपपर्यंत जा
एका लेखात वेल्डिंगबद्दल 'काही महिन्यांत शिका, भरपूर कमवा' म्हटलंय, ते अर्धंच खरं. सपाट प्लेटवर जोड मारणारे पुष्कळ असतात; खरा पैसा पाइपमध्ये आहे. त्यासाठी ६जी चाचणी द्यावी लागते. तीत पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं. घात होतो तो बहुधा रूट पासमध्ये, म्हणजे जोडाच्या तळाशी मारायच्या पहिल्या थरात. दोन पाइपांच्या तोंडांमधली गॅप सगळीकडे सारखी नसली की कुठे धातू आतपर्यंत पोचत नाही, कुठे भोक पडतं. म्हणून टॅक (पाइप जागेवर धरणारे छोटे जोड) मारताना ही गॅप चारही बाजूंनी मोजा. ७०१८ जातीचे वेल्डिंग रॉड ते कोरडे ठेवणाऱ्या गरम ओव्हनमध्येच ठेवा. ओल धरलेल्या रॉडमुळे जोड कधी कधी दुसऱ्या दिवशीही तडकतो. कोर्स निवडताना आधी विचारा, रोज किती तास प्रत्यक्ष आर्क (धातू वितळवणारी विजेची ठिणगी) पेटवायला मिळेल?